गाडीतलं डोहाळजेवण

आमच्या डोंबिवलीत धोक्याला वास असतो. सकाळी खिडकी उघडायची, नाक वर करायचं आणि ठरवायचं, आज कपडे बाहेर वाळत घालायचे की आत. कधी सडक्या अंड्यांचा वास, कधी जळक्या रबराचा, कधी नाव सांगता येणार नाही पण डोळे चुरचुरतील असा. वास आला की खिडक्या लावायच्या, गेला की उघडायच्या. एवढी काळजी घेतली की आम्ही स्वतःला सुरक्षित समजतो आणि पोहे खायला बसतो.

त्यात आमच्या ह्यांचं नाक सोसायटीत प्रसिद्ध. ह्यांची सगळी नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत झाली, तीही हिशेबाच्या खात्यात, पण निवृत्त झाल्यावर ऐट अशी की जणू प्रयोगशाळाच सांभाळून आले. सकाळी गॅलरीत उभं राहून दोन मोठे श्वास घेणार आणि जाहीर करणार, "आता काही नाही. दुपारनंतर सोडतील." शेजारच्या बायका खरोखर ह्यांना विचारून गाद्या उन्हात टाकायच्या. ह्याच नाकाला समोरच्या शेगडीवर दूध करपल्याचं मात्र आजवर एकदाही कळलेलं नाही. मी आयुष्यभर शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवलं, पण आमच्या घरात रसायनशास्त्रातला शेवटचा शब्द ह्यांच्या नाकाचा.

ह्यांचे सकाळी फिरायला जायचे सोबती म्हणजे मानपाड्याचे एक शेठ. मूळचे शेतकरी. जमिनीवर आता इमारती उभ्या राहिल्यात, तरी शेठांच्या बंगल्यामागे अजून कोंबड्या आहेत आणि शेठांना त्या कोंबड्यांचा इमारतींपेक्षा जास्त अभिमान आहे. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी एका कारखान्याला जागा भाड्याने दिली होती. कारखाना बंद पडला, माणसं निघून गेली आणि तिथल्या कुणा परदेशी इंजिनियरची कॅराव्हॅन तेवढी मागे राहिली. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं, चाकांवरचं घर. दोन बाक, एक ओटा, एक शेगडी, एवढ्याएवढ्या खिडक्या. इतकी वर्षं ती बंगल्यामागे उभी होती आणि कोंबड्या तिच्यात बिनभाड्याने राहत होत्या.

एकदा फिरून झाल्यावर हे शेठांकडे चहाला गेले आणि ती गाडी पाहून आले. "अगं, आत कपाटं आहेत! बशा उभ्या ठेवायला खाचा आहेत!" मला बघायला आले होते तेव्हासुद्धा हे इतके खूश दिसले नव्हते. बशा ठेवायच्या खाचा आमच्या स्वयंपाकघरातही आहेत. पण ह्यांनी जन्मात कधी बशी जागेवर ठेवलेली नसल्यामुळे ते ह्यांना ठाऊक नव्हतं. दोघा मित्रांनी तिथल्या तिथे बेत केला: गाडी घासूनपुसून, रंग देऊन नवी करायची आणि जोडीने कोकणात न्यायची.

नेमकी तेव्हाच आमची लेक सातव्या महिन्यात माहेरी आलेली. सासर ठाण्याचं. विहीणबाई स्वभावाने चांगल्या, पण हौस इतकी की माणूस दमून जावं. त्यांचा फोन आला, "आमच्या घरात पहिलटकरणीचं डोहाळजेवण नावेतलं असतं हं. खरीखुरी नाव, तलावपाळीला. फुलांनी सजवतो. तुमच्याकडे कसं असतं?"

आता डोहाळजेवण म्हणजे गर्भार मुलीला हिरवी साडी नेसवायची, फुलांचे दागिने घालायचे, कौतुकाने मधोमध बसवून ओटी भरायची आणि तिच्या आवडीचं खाऊ घालायचं. बसवायचं कुठे, ह्याच्यावर सगळी स्पर्धा. कुणी झोपाळ्यावर बसवतं, कुणी चांदण्यात, कुणी थर्माकोलच्या चंद्रावर. आमच्याकडे माझं झालं ते खुर्चीवर. मी तसं सांगणार, एवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आमच्याकडे गाडीतलं असतं," हे म्हणाले.

आमच्या सात पिढ्यांत गाडीतलं डोहाळजेवण झालेलं नव्हतं. पण शब्द गेला तो गेला. विहीणबाईंनी लगेच विचारलं, कसली गाडी? ह्यांनी वर्णन केलं. नाव हरली होती. दोन दिवसांत दोन्हीकडच्या पाहुण्यांना आमंत्रणं गेली आणि कॅराव्हॅनच्या कामाला तारखेचं शेपूट लागलं.

काम दोघांनीच करायचं ठरवलं होतं. मी पहिल्याच दिवशी जाऊन पाहिलं. बाहेरून हिरवा रंग, त्याच्या खाली भगवा, त्याच्याही खाली साय धरलेल्या दुधासारखा पांढरट, आणि सगळ्याचे पापुद्रे सुटलेले. हे आणि शेठ कोरड्या पॉलिश पेपरने खसाखसा घासत होते. धुळीने दोघांचे केस, भुवया पिठाच्या गिरणीवाल्यासारख्या झालेल्या. करोनात मी पैठणीचे काठ लावून शिवलेले मास्क दोघांच्याही हनुवटीवर होते.

"अहो, जुन्या रंगात शिसं असतं," मी म्हटलं. "कोरडं घासू नका. पाणी मारून घासा. मास्क नाकावर घ्या, तोही हा नव्हे, नीट घट्ट बसणारा आणा. आणि हे कपडे घरात आणू नका, घरात पोटुशी मुलगी आहे."

ह्यांनी तळहातावर चिमूटभर भुकटी घेतली, नाकाशी नेली आणि तपकीर ओढावी तशी हुंगली. हे शांतपणे म्हणाले, "काही नाही. वासच नाही."

"शिशाला वास नसतोच!"

"मग ते विष कसलं? आपल्या गावात विष सांगून येतं."

शेठांनी मान डोलावली. "वयनी, विष असतं तं आमच्या कोंबऱ्या नस्त्या मेल्या? इतकी वर्सं इकरंच ऱ्हातान. बगा, कशा ठणठणीत हायेत."

कोंबड्या खरोखर ठणठणीत होत्या. एक तर ह्यांच्या पायाशी पडलेल्या पापुद्र्यांत चोच मारत होती. ह्या कोंबड्यांची गावठी अंडी शेठ प्रेमाने रोज आमच्याकडे पाठवायचे, पोरीला ताकद यावी म्हणून. नाक आणि कोंबडी, असे दोन साक्षीदार माझ्याविरुद्ध. मी एकटी, आणि माझ्याकडे फक्त आठवीचं पुस्तक.

शेगडीमागे अ‍ॅस्बेस्टॉसचा एक करडा पत्रा ठोकलेला होता. आग लागू नये म्हणून लावतात तो, जुना, काठाशी तंतू सुटलेला. ह्यांना तो कापून मसाल्याच्या डब्यांसाठी फळी करायची होती. मी आडवी उभी राहिले. त्याला हात लावायचा नाही, करवत नाही, खिळा नाही, ते तंतू छातीत गेले की बाहेर येत नाहीत. शेठ म्हणाले, असले पत्रे तर त्यांच्या जुन्या गोठ्यावर पण हायेत. मी म्हटलं, असू देत, पण ते तुम्ही कापत नाही ना! पत्रा तेवढा वाचला, मी तिथून हललेच नाही म्हणून. बाकी सगळं त्यांनी आपल्या मनासारखं केलं. दुपारी त्याच धुळीने भरलेल्या ओट्यावर भाकरी आणि सुकटीची चटणी मांडून जेवले, आणि हात धुतले ते जेवल्यावर. मी घरी येऊन भांडी आपटली. माझ्या भांडी आपटण्याकडे घरात कुणी लक्ष देत नाही, कारण मी ती एरवीही आपटते.

लेकीला डोहाळे विचित्र लागले होते. चिंचा नकोत, आवळे नकोत. तिला खडू खावासा वाटायचा, भिंतीचा चुना खावासा वाटायचा. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या वाढवल्या आणि असलं काही तोंडात घालू नकोस म्हणून बजावलं. विहीणबाईंनी फोनवर वेगळंच बजावलं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, त्यांच्या चुलत जावेच्या मुलाचा फुटला होता. संध्याकाळी लेक बाबांबरोबर पाय मोकळे करायला मानपाड्याला जायची. मला वाटायचं, बरं आहे, चालणं होतंय.

एका संध्याकाळी मीही गेले. हिरवे पडदे लावायचे होते, त्यांची मापं घ्यायला. हे आणि शेठ बाहेर झेंडूच्या माळा कुठून कुठे बांधायच्या ह्यावर वाद घालत होते. आत लेक खिडकीपाशी बाकावर बसलेली. तिने चौकटीच्या कडेला नख घातलं, पांढरट पापुद्रा अलगद सोडवला आणि बडीशेप टाकावी तसा तोंडात टाकला.

"काय खातेस गं?"

"काही नाही गं. रंग आहे," ती म्हणाली. "खडू खाऊ देत नाही ना तुम्ही. हा मस्त आहे, आई. गोड लागतो."

गोड. इतकी वर्षं मी वर्गात सांगत आले, शिशाचे काही क्षार गोड लागतात, म्हणून प्रयोगशाळेत काहीही चाखून बघायचं नाही. दरवर्षी मुली ते सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायच्या आणि मी पुढच्या धड्याकडे वळायचे. मी तिच्या तोंडात बोट घातलं, तिच्या लहानपणी माती काढायला घालायचे तसं.

"अगं आई! काय करतेस! मी काय दोन वर्षांची आहे का?"

"थुंक आधी! किती खाल्लंस? कधीपासून?"

आरडाओरडा ऐकून हे दारात आले. लेक रडवेली होऊन म्हणाली, "रोज एकदोनच खाल्लेले गं. बाबाच काढून द्यायचे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"डोहाळे आहेत," हे म्हणाले. "म्हटलं, कान फुटायला नको. मी हुंगून बघत होतो ना आधी. हुंगूनच देत होतो."

त्यानंतर मी जे बोलले ते मानपाड्याच्या नाक्यापर्यंत ऐकू गेलं असं शेठ पुढे कितीतरी दिवस सांगत होते. ह्यांचं नाक, त्या नाकाचं माहेर, त्याची निवृत्ती, करपलेलं दूध, मी काहीही सोडलं नाही. बोलून झाल्यावर मला रडू आलं आणि मी कोंबड्यांच्या समोर उभी राहून रडले. मला भीती वाटत होती. विज्ञान शिकवलेल्या बाईला जास्तच भीती वाटते, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूला शिसं काय करतं ते तिला पाठ असतं.

शेठ हळूच म्हणाले, "वयनी, आनी अंडी? कोंबऱ्या तं ह्यातच चरतान." मग स्वतःच मटकन बाकड्यावर बसले. "पोरीला अंडी मीच पाठवली ना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ह्यांच्याकडे चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि लेकीचं रक्त तपासायला पाठवलं. ह्यांचं आणि शेठांचंही घ्यायला सांगितलं. कळायला थोडे दिवस लागणार होते. त्या दिवसांत हे सकाळी गॅलरीत जाऊन उभे राहायचे, पण नाक वर करायचे नाहीत. शेजारणीने खालून विचारलं, "काका, गाद्या टाकू का?" तर म्हणाले, "मला नाही सांगता येणार." ती घाबरून वर विचारायला आली, काकांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

विहीणबाईंना सांगणं भागच होतं. मी फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या म्हणाल्या, "कान फुटतो हे मीच बोलले होते हो." आणि तासाभरात ठाण्याहून आल्या. साडी पिनअप केलेली, हातात दुधाच्या पिशव्या आणि राजगिऱ्याचे लाडू, कारण वाटेत त्यांनी फोनवर कुणाला तरी विचारलं होतं, अशा वेळी कॅल्शियम चांगलं.

त्या दिवशी आम्ही दोघी विहिणी मानपाड्याला गेलो आणि गाडीचा ताबा घेतला. घासकाम बंद. झाडूला बंदी, कारण झाडू धूळ उडवतो. अंगणातली भुकटी आधी पाण्याने भिजवायची, ओल्या फडक्याने टिपायची, फडकी पिशवीत बांधून गाठ मारायची. शेठ अर्ध्या चड्डीवर पावसाळी कोट चढवून, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला कारखान्यात वापरतात तसला जाडजूड मास्क लावून फडकी पिळत होते. जवळून जाणारा दूधवाला दचकून सायकलवरून उतरला. कोंबड्यांना लांब नवीन खुराडं मिळालं. ह्यांना घरात शिरण्याआधी शेठांच्या नळावर आंघोळ आणि कपडे बदलणं सक्तीचं झालं. हे एका शब्दाने वाद न घालता थंड पाण्याने केस धूत उभे राहायचे. वाद न घालणारे हे पाहायची मला सवय नाही. मला ते बिलकुल आवडलं नाही. शेवटी गाडी ताडपत्रीने पुरती झाकली आणि दाराला कुलूप लावून किल्ली मी माझ्या पर्सेत टाकली.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. लेकीच्या रक्तात शिसं थोडं आलं होतं. घाबरण्याइतकं नाही, त्या म्हणाल्या, वेळेवर थांबलात, पण आता एक कणही नको, आणि बाळ झाल्यावर पुन्हा बघू. शेठांचं वर होतं. ह्यांचं त्याहून बरंच वर. औषधापेक्षा त्या धुळीपासून लांब राहणं महत्त्वाचं, हळूहळू उतरेल. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी फक्त लेकीचं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग स्वतःचं न विचारताच हे आत गेले आणि बराच वेळ बेसिनचा नळ चालू राहिला.

डोहाळजेवण राहिलंच होतं. गाडी गेली, म्हणून नाव परत आली. सगळे तलावपाळीला जमलो, लेक हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत. पण विहीणबाईंना आता धोका दिसायची सवय जडली होती. त्यांनी नाववाल्याकडे लाइफ जॅकेट मागितलं. ते मोगऱ्याच्या हारावरून चढवलं, तर पोटावर त्याचा पट्टा काही केल्या बसेना. मोठं आणलं, तेही बसेना. विहीणबाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि स्वतःच्या घराण्याची नाव स्वतःच रद्द केली. शेवटी त्यांच्या बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसवून ओटी भरली. आमच्याकडे खुर्चीवरच असतं, हे सांगायची संधी मला अखेर मिळाली. शेठांनी आणलेला फणस एवढा मोठा होता की ओटीत न मावता तो शेजारच्या खुर्चीवर बसला.

मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं त्याहून चांगलं. विहीणबाईंनी सगळ्यांच्या आधी तिचे दोन्ही कान उलटसुलट करून तपासले. मग बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासलं, रक्त तपासलं, ऐकू येतं ते तपासलं आणि सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलं. लेक दमून झोपली होती. मी बाळाला घेऊन खोलीत बसले होते. हे दारातच उभे.

"या ना आत," मी म्हटलं. "घ्या नातीला."

"नको. तूच घे."

हात धुऊन आले होते. पुन्हा जाऊन धुऊन आले. बोटांच्या टोकांना पाण्याने सुरकुत्या पडल्या होत्या, शर्ट नवा, घडीसुद्धा न मोडलेला. तरी हात पाठीमागे धरून उभे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्याच हातांनी ते लेकीला पापुद्रे काढून देत होते.

"अहो, रक्तातलं शिसं हाताने नाही लागत कुणाला. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय," हे म्हणाले. मग दोन्ही हात पुढे करून माझ्या नाकाशी धरले. "तरी तू एकदा बघ. माझं मला कळत नाही."

शिशाला वास नसतो, हे मी आयुष्यभर शिकवलं. तरी मी वाकले आणि त्या हातांचा नीट, वेळ घेऊन वास घेतला. नुसत्या साबणाचा येत होता.

"काही नाही," मी म्हटलं. "घ्या."

मग ह्यांनी तिला घेतलं.